मंदाकिनीबाई काय बोलल्या त्याचें वर्तमान

श्री. ज्याणें कान दिधले आणि ज्याचे इच्छेनें ते माघारे जातात, त्यास साष्टांग नमस्कार करून समोरचे दाराचे शेजाऱ्यानें हें वर्तमान लिहिलें. पदरचें तिखटमीठ लाविलें नाहीं; जेथें आमची चूक तेथें आमची चूक म्हणोन लिहिलें. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, श्रावण वद्य पंचमी, ते दिवशीं सकाळचे प्रहरीं तिसरे मजल्यावरील राज्याचे धनी श्रीमंत पद्माकरपंत यांणीं आमची कडी वाजविली. राज्य म्हणाल तर तीन खोल्या, एक सज्जा आणि तुळशीची कुंडी. फौज म्हणाल तर एक मोलकरीण, तीही आठवड्यास दोन खाडे करणारी. परंतु पंत जमीनमोजणीचे खात्यांत पस्तीस वर्षें चाकरी करून, गांवोगांवचे बांध मोजून आलेले, एक इंच इकडचा तिकडे होऊं न देणारे, म्हणोन आम्ही त्यांस श्रीमंत म्हणतों आणि तेही रागें भरत नाहींत. तर दार उघडिलें, तों पंतांचे हातीं चामड्याची पेटी आणि मुख ऐसें उतरलेलें कीं आम्ही बसा म्हणावयाचेंही विसरलों. पंत बोलले, "कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. उजवा तर गेलाच. डावा म्हणे दिवाळीपर्यंत टिकला तर टिकला. त्याच्या आधी मंदाचा आवाज एकदा ऐकायचाय हो." ऐसें बोलून पेटी आमचे मेजावर ठेविली.

या मंदाकिनीबाईसाहेब म्हणजे पंतांचें कुटुंब. त्यांस कैलासवासी होऊन पंधरा वर्षें जाहलीं, आणि तेव्हांपासून पंत उभ्याउभ्या, ओट्यापाशीं, भूक लागेल तेव्हां दोन घास पोटांत ढकलितात, त्यास जेवण म्हणवत नाहीं. पेटींतील कॅमेरा बाईसाहेबांचाच. लग्न असो, मुंज असो, कोणाचा सत्यनारायण असो, बाईसाहेब कॅमेरा डोळ्यास लावून सर्वांचे पुढें, आणि ऐसें करितां करितां घरचीं सर्व माणसें चित्रांत आलीं, शेजारचें मांजरही आलें, आणि एकट्या बाईसाहेब कोठें आल्या नाहींत. कन्या वृषालीबाई यांचे डोहाळजेवणास मात्र त्यांणीं कॅमेरा पंतांचे हातीं दिला, आणि आपण समोर येऊन उभ्या राहिल्या, आणि पंतांकडे पाहून कांहीं बोलल्या. काय बोलल्या तें पंतांस ठाऊक नाहीं. आम्हांस म्हणाले, "माझं सगळं लक्ष तो लाल दिवा लागलाय की नाही तिकडं. चालू आहे ना, चालू आहे ना, एवढंच डोक्यात. ती माझ्याशी बोलत होती आणि मी दिवा बघत होतो." पुढें कधीं विचारिलें नाहीं, आणि ती फीत, काड्यापेटीहून थोडकी मोठी, वीस वर्षें पेटींत राहिली.

मग मोहीम सुरू जाहली. कॅमेऱ्याचा चिमुकला पडदा काळा पडलेला आणि कर्णा मुका, म्हणोन फितींतील ऐवज संगणकांत न्यावा आणि तेथें हवा तितक्या वेळां ऐकावा, हा मनसुबा. बॅटरी केव्हांच मेली होती. परंतु विजेची तार लावितांच कॅमेरा जागा जाहला आणि पंतांस हुरूप आला. मग पेटींतील जाडी तार इकडे कॅमेऱ्यास आणि तिकडे संगणकास जोडिली, आणि संगणकानें सात फोटो दाखविले, ते सातही मांजराचे, आणि फितीचा पत्ता नाहीं. ऐसे तीन दिवस गेले. पंत चिडले, "बांधावरून भांडणाऱ्या छत्तीस वाड्यांच्या भावकीनंसुद्धा एवढं छळलं नव्हतं मला!" मग वृषालीबाईंनीं परगांवींहून फोनवर सांगितलें, "काका, ती तार फक्त फोटोंची. रबराच्या झाकणाखाली दुसरं बारीक तोंड असेल बघा. फितीचं सगळं तिथून येतं." पाहतों तों खरेंच झांकण आणि खरेंच तोंड! परंतु ते तोंडाची तार बाजारांत कोणी ओळखीना, आणि नवे संगणकास तैसें भोंकही नाहीं. मग आम्हीं माळ्यावरून आपला जुना संगणक खोक्यासकट उतरविला, त्यास तें भोंक निघालें, आणि तारही त्याच खोक्याचे तळीं निघाली, तेव्हां पंतांनीं आमचे पाठीवर ऐशी थाप मारिली कीं खांदा दोन दिवस ठणकत होता. तरीही संगणक म्हणे कीं कोणी आलेंच नाहीं. एक दिवस त्यांत गेला. मग ध्यानीं आलें कीं कॅमेरा चित्र काढावयाचे कळीवर आहे, दाखवावयाचे कळीवर नेला पाहिजे. तो नेला, आणि संगणकानें तत्काळ ओळख दिली.

आणि चित्र आलें. आलें म्हणजे काय, नुसत्या चौकटीच चौकटी, कोणीतरी फरशीच उचलून पडद्यावर लाविली ऐसें, आणि आवाज करकर करून तुटे. परंतु त्या चौकटींत एक निळी साडी पुढें आली, आणि पंत खुर्चींतून उठले, "तीच! तीच ती! थांबवा, मागं घ्या!" आम्हीं मागें घेतली आणि पुन्हां लाविली, आणि पुन्हां मागें घेतली. तोच तुकडा पांच वेळां फिरविला, आणि दर वेळेस चित्र अधिक फुटत गेलें, तरी आम्हांस अक्कल आली नाहीं. पंत "अजून एकदा, एकदाच" म्हणत गेले आणि आम्ही कळ दाबीत गेलों. आमची चूक ती ही.

दुसरे दिवशीं आम्ही एकटेच पेटी घेऊन हनीफभाईंकडे गेलों. हनीफभाई म्हणजे लग्नांचीं चित्रें काढितां काढितां केस पिकलेला, यंत्राचा कान धरून बोलविणारा गृहस्थ. त्यांणीं कॅमेऱ्याचें पोट उघडिलें आणि हंसले, "काका, आत लाल काय आहे हे? कॅमेरा रंग खेळला का?" आम्हीं वांकून पाहिलें. तें कुंकू होतें. पंतांचे घरीं दर दसऱ्यास हत्यारांची पूजा. मोजणीची सांखळी, बाईसाहेबांची कातर, शिवणाचें यंत्र, सर्वांस हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूचें फूल. आणि पंतांचा मोजणीदारी नियम ऐसा कीं, कुंकू पेटीस लावणें नाहीं, जें काम करितें त्यास लावावें. म्हणोन बाईसाहेब गेल्यापासून दर दसऱ्यास कॅमेऱ्यास वीज पाजावी, फितीचें दार उघडावें, आणि आंत बोट घालून फिरत्या चाकांस कुंकू लावावें. पंधरा दसरे, पंधरा बोटें. आम्हीं हें सांगितलें, तेव्हां हनीफभाईंचें हंसणें गेलें. बोलले, "फितीची पट्टी किती पातळ असते, काका. तिला हा कण म्हणजे वाळूच. पहिल्या चौकटी दिसल्या तेव्हाच बंद करून आणायला हवी होती." मग त्यांणीं पांढरे फडक्यानें आंतील सर्व निगुतीनें पुसून काढिलें, फडकें पेटींतच टाकिलें, आणि फीत मात्र स्वतःचे दुसरे कॅमेऱ्यांत घातली, आणि दोन दिवसांनीं आम्हांस बोलाविलें. म्हणाले, "चित्र बरंच आलंय. पण बाई समोर येतात तिथं आवाज नाही. आवाज पट्टीच्या खालच्या काठाला असतो, ओरखडा नेमका तिथं, आणि तुम्ही तोच तुकडा फिरवलात." आम्हीं विचारिलें, "काहीच नाही होणार?" हनीफभाईंनीं नाहीं म्हणोन मान हलविली, आणि चहा मागविला.

मग आम्हीं वृषालीबाईंस सर्व लिहिलें आणि त्या गौरी गेल्यावर येत्या जाहल्या. दारांतच आम्हांस म्हणाल्या, "काका, कुंकवाचं बाबांना कळता कामा नये. मरतील ते." आम्हीं वचन दिलें. मग पंत धुतलेलें धोतर नेसून, डावा कान संगणकाकडे करून बसले, आणि चित्र सुरू जाहलें. वीस वर्षांपूर्वीच्या बायका, ताटवाट्यांचा आवाज, हंसणें. पंत म्हणाले, "ही कमलताई हसतायत. कसं हसायच्या बघा, घर डोक्यावर." आणि मग निळी साडी पुढें आली, आणि बाईसाहेब स्वच्छ, अगदीं स्वच्छ दिसल्या, कपाळावरचा घाम दिसला, आणि त्यांचे ओंठ हालूं लागले, आणि खोलींत कांहींच ऐकूं आलें नाहीं. पंत पुढें वांकले. कानामागें हात धरिला. मग कन्येकडे वळून बोलले, "माझा कान गेला वाटतं. काय म्हणते गं ती?" आम्हीं खालीं पाहिलें. वृषालीबाई बापाचे कानाशीं तोंड नेऊन म्हणाल्या, "आई म्हणते, अहो, पुरे झालं ते चित्र. हात दुखले असतील तुमचे. कॅमेरा ठेवा आणि आधी जेवायला बसा." पंतांनीं पडद्याकडे एकवार पाहिलें. मग म्हणाले, "हो. तेच म्हणाली असणार. दुसरं काय म्हणायचंय तिनं." आणि डोळ्यांस पंचा लाविला, आणि वृषालीबाई स्वयंपाकघरांत जाऊन तोंडांत पदर कोंबून रडल्या, तें आम्हीं पाहिलें. ते दिवशीं पंत पाट घेऊन बसून जेवले.

पुढें आश्विन मासीं दसरा आला, आणि वृषालीबाई पुन्हां आल्या. तोंवर पंतांचा डावा कानही जवळजवळ गेला होता. पाटावर सांखळी, कातर, शिवणाचें यंत्र आणि कॅमेरा मांडिला. पंतांनीं सर्वांस कुंकू लाविलें, आणि कॅमेऱ्यापाशीं येऊन बोट थांबविलें, आणि तें बोट पाटावर, कॅमेऱ्यापासून वीतभर दूर, टेंकविलें. पंत आम्हांकडे न पाहतां हळू बोलले, "तुमचं फडकं राहिलं होतं पेटीत. लाल झालेलं." मग म्हणाले, "आणि कमलताई हसल्या तेवढं मला ऐकू आलं होतं हो त्या दिवशी. कान काही तेवढ्यात जात नाही." आम्हीं म्हटलें, "पंत, कळ मी दाबली. पाच वेळा." तें त्यांस ऐकूं गेलें कीं न गेलें, कळलें नाहीं. बोलले, "पोरीला काही बोलू नका. तिनं सांगितलं ते मला पुरतं." इतक्यांत वृषालीबाई स्वयंपाकघराचे दारांत आल्या, निळीच साडी नेसलेल्या, आणि कांहीं बोलल्या. पंतांस शब्द ऐकूं आला नाहीं. ओंठ हाललेले तेवढे दिसले. पंत गुडघ्यावर हात टेंकून उठले आणि म्हणाले, "आलो, आलो. बसतो जेवायला."

ऐसें हें वर्तमान. फीत गेली, कान गेले, कॅमेरा पाटावरून पुन्हां पेटींत गेला. मंदाकिनीबाई काय बोलल्या तें कोणास कळलें नाहीं आणि आतां कळणारही नाहीं. परंतु पंत दोन्ही वेळां बसून जेवतात.