डावीकडचं तोंड

माझ्याकडे एक डिजिटल कॅमेरा आहे आणि तो तुमच्या फोनपेक्षा चांगला आहे. वाद घालायचा असेल तर पुढचं वाचत बसू नका, सरळ घरी या. चहा मिळेल आणि जाताना मत बदलून मिळेल.

कॅमेरा घेतला तेव्हा आमची मुलगी पहिलीत होती. आता ती नोकरीला लागली, पण कॅमेरा अजून त्याच नोकरीत आहे. कोपऱ्यांवरचा चंदेरी रंग उडालाय, सेलचं झाकण रबरबँडने बांधलंय, आणि चालू केला की त्याची भिंगाची नळी दुपारच्या झोपेतून उठवलेल्या म्हाताऱ्यासारखी कुरकुरत बाहेर येते. पण येते! कधी आली नाही असं झालेलं नाही.

टीकाकार घरातच आहेत. मुलीच्या मते तो कॅमेरा नसून भावनिक प्रश्न आहे. बायकोची तक्रार सेलची. त्याला एका वेळी चार सेल लागतात आणि लहान मुलाने गोळ्या चघळाव्यात तसे तो ते संपवतो. मग मी भिंतीवरच्या घड्याळातला एक, टीव्हीच्या रिमोटमधले दोन आणि दाराच्या बेलमधला एक काढतो. त्या दिवशी आमच्या घरात वेळ थांबते, बातम्या थांबतात आणि पाहुणे बाहेर थांबतात.

एक उणीव मात्र मी मान्य करतो. बटण दाबल्यावर हा कॅमेरा लगेच फोटो काढत नाही. आधी विचार करतो. समोरचं दृश्य घेण्यासारखं आहे का, उजेड पुरेसा आहे का, आपलं वय काय, हे सगळं मनाशी घोळवून मग काढतो. विचार करून काम करणारं या घरात दुसरं कोण आहे, असं मी एकदा जेवणाआधी विचारलं होतं. असे प्रश्न जेवणानंतर विचारावेत.

तर माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, दंतवैद्य आहे. त्याने स्वतःचा दवाखाना टाकला. खुर्ची नवी, दिवा नवा, हातमोज्यांचे खोके छतापर्यंत. नव्हते ते फक्त रुग्ण. दुपारी तो स्वतःच त्या खुर्चीत आडवा व्हायचा, आणि दार वाजलं की असा ताडकन उठायचा की आलेल्या माणसाला वाटावं, हा पळून निघालाय. आणखी थोडे दिवस असंच गेलं असतं, तर ज्या डॉक्टरांची नोकरी ताठ मानेने सोडली, त्यांच्याच दारात मान खाली घालून जावं लागलं असतं. रात्री बहिणीला फोन करून तो तेवढंच सांगायचा, आणि फोन ठेवला की ही माझ्याकडे असं बघायची, जणू सगळ्या गावाचे दात मीच मजबूत करून ठेवलेत.

वास्तविक या बाबतीत माझं मन साफ होतं, दात नव्हते. दवाखाना उघडल्यापासून तो माझ्या मागे लागला होता, "भाऊजी, एकदा बसा, नुसते साफ करून देतो." मी त्याला आज सर्दी, उद्या पाहुणे, परवा ग्रहण अशी कारणं देत होतो. त्या खुर्चीशेजारी जे यंत्र आहे ना, त्याचा आवाज डासाला राग आल्यासारखा येतो. मी तो बाहेरच्या बाकावरून ऐकला होता. तेवढा पुरे.

आणि मग चौकातली जाहिरातीच्या पाटीची जागा रिकामी झाली! सिग्नलच्या अगदी समोर, बसएवढी लांब. पाटीवाला म्हणाला, आज संध्याकाळी छपाईला जातो, त्याआधी एकाच माणसाचे दोन फोटो द्या. डावीकडे 'उपचारापूर्वी', उजवीकडे 'उपचारानंतर'. नाहीतर चपलांचा दुकानदार जागेवर टपून बसलाच आहे.

मेहुण्याने माणूसही शोधला. गाडी शिकवणारे मास्तर. वीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून दात आवळल्यामुळे त्यांचे पुढचे दात झिजून कौलांसारखे झाले होते, आणि प्रत्येक शिकवणीनंतर धीर यावा म्हणून घेतलेल्या चहाने ती कौलं रंगलीही होती. दात फुकट नीट करून मिळणार म्हटल्यावर त्यांनी पाटीवर यायला आनंदाने होकार दिला.

फोटो भाचीच्या फोनने काढायचे असं मामाने परस्पर ठरवलं होतं. हे कळल्यावर मी घड्याळ, रिमोट आणि बेल यांच्याकडून सेल गोळा केले आणि दवाखान्यात हजर झालो. मुलगी म्हणाली, "बाबा, मामाच्या पोटाचा प्रश्न आहे." मी म्हणालो, म्हणूनच आलोय. शेवटी ही मध्ये पडली आणि दोघांनीही काढा असं ठरलं.

मास्तर खुर्चीत बसले. मुलीने फोन धरला, बोट टेकवलं, झालं. फोटोकडे नीट पाहिलंसुद्धा नाही, फोन खिशात टाकून मोकळी. ही काय फोटो काढायची रीत झाली?

मग मी पुढे झालो. मास्तरांनी आ केला, मी बटण दाबलं, कॅमेरा विचारात पडला. झाला फोटो असं समजून मास्तरांनी तोंड मिटलं, आणि तेव्हा लख्खकन उजेड पडला. मिटलेले ओठ सुरेख आले. दुसऱ्या वेळी त्यांनी "झालं का?" विचारायला मान वळवली; कान आला. तिसऱ्या वेळी मेहुणा दिवा सरकवायला वाकला, त्याचं कोपर आलं. पण काय स्पष्ट कोपर! चौथ्यांदा मी मास्तरांना बजावलं की मी सांगेपर्यंत तोंड मिटायचं नाही, आणि बटण दाबलं. काहीच होईना. सेल गेले की काय म्हणून मी कॅमेरा उलटा करून भिंगात डोकावलो, आणि मास्तर तोंड मिटतायत असं वाटून त्यांना करून दाखवलं, "असा आ करा, असा, मोठ्ठा!"

लख्ख!

डोळ्यांपुढे नुसते काजवे. मी एक पाऊल मागे टाकलं ते नेमकं खुर्ची वरखाली करायच्या पेडलवर. मास्तरांसकट खुर्ची छताकडे निघाली. मला दिसत काहीच नव्हतं, पण हिने नंतर सांगितलं की वर जाताना मास्तरांचा उजवा पाय हवेत सारखा ब्रेक दाबत होता. मेहुण्याने त्यांना खाली आणलं आणि मला बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. जाताना म्हणाला, "भाऊजी, तुम्ही आता काही करू नका." इतक्या प्रेमाने मला आजवर कुणी हाकललेलं नाही.

पुढे तो राग आलेला डास बराच वेळ ऐकू येत होता. मग मास्तर बाहेर आले आणि हसले. काय सांगू! जिथे कौलं होती तिथे संगमरवर. मुलीने पुन्हा फोन काढला, पुन्हा बोट टेकवलं, आणि तेवढ्यात पाटीवाला दारात उभा.

मुलीने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. पाटीवाल्याने पाहिले. मग चष्मा लावून पाहिले.

"यात आधीचा कुठला?"

सगळे वाकलो. दोन्हीत मास्तर, दोन्हीत शुभ्र दात. उलट आधीच्या फोटोत ते जरा जास्तच शुभ्र होते, गालही भरलेले, आणि डोळ्यांखालची वीस वर्षांची शिकवणी पुसली गेलेली. मुलीचा चेहरा उतरला. नवीन फोन चेहरे आपोआप सुधारतो, आणि ती सोय बंद करायची ती विसरली होती. मामाने दुपारभर खपून जे केलं, ते फोनने आधीच, एका क्षणात, न विचारता करून ठेवलं होतं! मूळ फोटो शोधायला तिने फोन उलटापालटा केला, पण त्याने सुधारलेला तेवढाच ठेवला होता.

मेहुणा मटकन खुर्चीत बसला. मास्तरांचे जुने दात आता परत कुठून आणणार? चहाने रंगवून बघू का, असं ही म्हणाली, तर मास्तर तोंडावर हात ठेवून दाराशी जाऊन उभे राहिले. पाटीवाल्याने चपलावाल्याला लावायला फोन काढला.

"एक मिनिट," मी म्हणालो.

आयुष्यात असा क्षण एकदाच येतो. कॅमेरा चालू केला, नळी कुरकुरत बाहेर आली आणि चिमुकल्या पडद्याभोवती पाच डोकी जमली. ओठ. कान. कोपर. मेहुण्याने उसासा टाकला. मी पुढचं बटण दाबलं आणि पडदा भरून एक उघडं तोंड आलं! एकेक दात सुटा, एकेक डाग वेगळा, मागची किडलेली दाढ अशी स्पष्ट की तिला नाव ठेवून हाक मारावी.

"हे! हे पाहिजे!" पाटीवाला जवळजवळ ओरडलाच. "असं तोंड बघून माणूस सिग्नलला गाडी बंद करील."

मेहुणा दिवा ओढून फोटो निरखत होता. दंतवैद्य माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नाहीत.

"पण हे मास्तर नाहीत," तो म्हणाला आणि हळूहळू माझ्याकडे वळला. पाठोपाठ सगळेच वळले. मी तोंड मिटलं, पण उशीर झाला होता.

पाटीवाल्याचं म्हणणं सरळ होतं. डावीकडे हे तोंड, उजवीकडे मास्तरांचं, चौकात कोण मोजायला येतंय? मीही त्याला जोरदार पाठिंबा दिला. पण मेहुणा हट्टाला पेटला. दवाखाना बंद पडला तरी चालेल, म्हणाला, एकाची दुखणी आणि दुसऱ्याचं हसू असं मी लावणार नाही. मला त्याचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली, कारण ही उठून उभी राहिली होती.

"अहो, बसा," ती म्हणाली, आणि बाकाकडे नाही, खुर्चीकडे बोट दाखवलं.

सर्दी आणि पाहुणे दोन्ही सांगून पाहिलं. ग्रहणाला तर मुलगीच हसली. पाटीवाल्याने तासभर दिला. मास्तरांनी माझा हात धरला आणि "काही होत नाही, समोर बघा, घाबरू नका," असं शिकाऊ लोकांना सांगतात त्याच आवाजात सांगत राहिले. तासभर मी काय सोसलं ते लिहीत नाही. माझाही उजवा पाय ब्रेक शोधत होता एवढंच नोंदवतो.

मग 'नंतर'चा फोटो. आणि इथे माझा विजय झाला, कारण मेहुणा म्हणाला, दोन्ही फोटो एकाच कॅमेऱ्याचे हवेत, भाऊजींच्या! जबडा बधिर होता म्हणून, नाहीतर मी भाषण केलं असतं. बटण हिने दाबलं. कॅमेरा विचारात पडला, मुलगी चुळबुळली, पण ही ढिम्म हलली नाही. "मला सवय आहे," म्हणाली. "सांगितल्यावर लगेच काही होत नाही, थांबावं लागतं." पहिल्याच फटक्यात फोटो आला. पाटीवाल्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये कॅमेऱ्याचं कार्ड टचकन बसलं, आणि चपलांचा दुकानदार हात चोळत राहिला.

पाटी लागली. ओठांपासून हनुवटीपर्यंत, बसएवढे लांब दोन मी! मेहुण्याची खुर्ची आता दुपारीही रिकामी नसते, त्याला आडवं व्हायला बाहेरचा बाक वापरावा लागतो. तेव्हा जुना कॅमेरा आजही वापरावा की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता निकालात निघालाय. मुलगीही हल्ली गप्प असते.

परवा टॅक्सीने घरी येत होतो. चालकाला पत्ता काही समजेना. मी अमुक शाळा सांगितली, तमुक बँक सांगितली, शेवटी त्याची समजूत काढायला म्हणून आरशात बघून नव्या दातांनी छान हसलोसुद्धा.

"साहेब, सोपं सांगा," तो म्हणाला. "चौकात ते घाणेरडं तोंड लावलंय ना, तुमचं घर त्याच्या अलीकडे की पलीकडे?"

"पलीकडे," मी म्हणालो, आणि घर येईपर्यंत तोंड मिटून बसलो.