बधिर जिभेचा होकार

आवणीच्या आठवड्यातच अक्कलदाढ काढून घ्यायची, हा निर्णय मी पूर्ण शुद्धीत घेतला. (भूल नंतर दिली.)

माझी सासुरवाडी मुरबाडकडची. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, दरवर्षी जावयाला बोलावणं येतं. बोलावतात प्रेमाने, पण चिखलात उतरलं की प्रेम बांधावर राहतं आणि जावई दिवसभर कमरेतून वाकलेला. मी शहापूरच्या कचेरीतला कारकून. वाकायची सवय फक्त साहेबांपुढे, आणि तीही उभ्याने.

म्हणून दाढ. हिरडीत आडवी पडलेली, बिचारी गप्प होती. पण मीच डॉक्टरांना सांगितलं, असह्य झालंय. त्यांनी हिरडी कापली, दाढ तोडून काढली (भातसा धरणाचा दरवाजा उचलताहेत असा आवाज होता), टाके घातले आणि अगदी माझ्या मनातलं बोलले, "दोन-तीन दिवस आराम. अजिबात वाकायचं नाही. आइस्क्रीम खा."

मी त्यांच्या पायाच पडणार होतो, पण वाकायचं नव्हतं.

घरी येऊन उशीला टेकून बसलो. बायको, सरस्वती, वाटीत आइस्क्रीम काढत होती. इतक्यात दाराशी जीप थांबली. मेहुणा मितेश!

"काय भावजी, आवणीला येताय ना? का नाय?"

"नाय!" मी ठणकावलं.

म्हणजे, तसं मला वाटलं. 'न' म्हणायला जीभ वरच्या दातांमागे टेकवावी लागते. माझी जीभ भुलीने लुळी पडलेली. बाहेर आलं ते "हाय!"

"ताई, भावजी येतायत गो!"

"अरे, आजच दाढ काढलीय त्यांची," सरस्वती म्हणाली. मला धीर आला. ती माझ्याकडे वळली. "अहो, डॉक्टरची परवानगी तरी हाय का?"

"हाय!" (नाय.)

"जबरदस्ती नाय हां. मनापासून जायची इच्छा हाय?"

"हाय! हाय! हाय!" मी दोन्ही हात वर करून ओरडलो.

तिचे डोळे भरून आले. "बघ मितेश, माझ्या माहेरच्या कामाला एवढा उत्साह यांनी कधी दाखवला नव्हता."

लिहून दाखवावं म्हणून मोबाइल उचलला, तर मितेशने तो काढून स्वतःच्या खिशात टाकला. "चिखलात पडंल भावजी. मी सांभाळतो." आइस्क्रीमही त्यानेच सांभाळलं. उभ्या उभ्या, चाटून पुसून.

वाटेत किन्हवली गेली, सरळगाव गेलं. हिरडीची भूल उतरू लागली, जिभेची मात्र नाही. जीप प्रत्येक खड्ड्याची चौकशी करत होती आणि टाके उत्तर देत होते. शेतावर सासूबाईंनी बायांना हाळी दिली, "अगो, जावई बघा! दाढ काढून सरळ आवणीला आला!" बाया खुदखुदल्या. कुणीतरी हातात रोपांची जुडी दिली. मी वाकलो. माझ्याआधी सुजलेला गाल वाकला.

रोप, ठणका. रोप, ठणका. अर्धं शेत झालं असेल, तेव्हा ओठाला मुंग्या आल्या. जीभ वळवळली. मी चिखलाकडे बघत हळूच म्हणून पाहिलं, "हाय... न्हाय... नाय!" आला! 'न' परत आला! आता फक्त कुणीतरी विचारायचा अवकाश होता.

बांधावरून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू..."

मी ताठ उभा राहिलो. छाती भरून श्वास घेतला. पुढे त्या काय म्हणताहेत ते ऐकायलाही थांबलो नाही.

"नाय!!!"

खणखणीत. स्पष्ट. पार पलीकडच्या बांधापर्यंत.

"ऐकलंस का रे मितेश? दाढ दुखते का विचारलं, तर नाय म्हणतान! मग वरचं शेत पण दे त्यांना."

मितेशने हे कौतुक लगेच फोन लावून ताईला कळवलं, स्पीकरवर. सरस्वती आनंदाने इतकी ओरडली, की सगळ्या बायांना ऐकू गेलं.

"अहो, डॉक्टर म्हणत होते, दुसऱ्या बाजूला अजून एक दाढ हाय. ती पुढल्या आवणीलाच काढू. तुमाला मानवते!"