चित्रातल्या शिलाई मशीनची मोहीम

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

शके एकोणीसशे पाच, ऊसकापणी भरात आलेली आणि गणेशचतुर्थी उंबऱ्याशी येऊन ठेपलेली, ऐसे समयी मॉरिशस बेटी, फ्लाक प्रांती, मौजे कांप दे मास्क येथे जी मोहीम जाहली तिची हकीकत नातवंडांस ठाऊक असावी, सबब लिहिली आहे. लिहिणाराने अक्षरे पिकल्या केसांनी बैठकेत, म्हणजे गावच्या सभाघरातल्या शाळेत, गिरवली, तेव्हा काना-मात्रा चुकल्यास पदरात घ्यावे. हकीकत चुकलेली नाही.

राजश्री सत्यदेव हे उसाच्या मळ्यावरचे सरदार, तमाम तोडकऱ्यांवर हुकूम चालविणारे, परंतु घरात हुकूम त्यांच्या कुटुंबाचा, म्हणजे सौभाग्यवती विद्यावतीबाईंचा. बाई पायमशीनवर शाळेच्या पोरांचे गणवेश शिवीत आणि चतुर्थीस गणपतीचा शेलाही शिवीत, आणि पाय मारून मारून त्यांचे गुडघे जेर जाहले. मग सरदारांनी मनी धरले की यंदा विजेवर चालणारी मशीन आणावी, आणि त्यासाठी दोघांनी काटकसरीने जमविलेला खजिना कापडी थैलीत, तांदळाच्या डब्यात, जय्यत ठेविला होता. ती थैली गेली तर मशीन गेली, आणि मशीन गेली तर गुडघे गेले, ऐसा बाका प्रसंग.

इतक्यात क्युरपिपच्या मुलुखातून चंद्रमोहन नामे एका कंपनीचा माल विकणारा वकील मोपेडवर स्वार होऊन दाखल जाहला. गळ्यात टाय, हाती काळी छत्री, कारण क्युरपिपचा माणूस पावसाचा भरवसा धरीत नाही, आणि काखेत गुळगुळीत कागदाची चित्रांची चोपडी. तीत फ्रिज, पंखे आणि शिलाई मशिनी ऐशा झळकत होत्या की पाहणाराचे भान हरपावे. मजकूर वकिलाने कळविले की माल थेट विलायतेहून जहाजाने येतो, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, आणि ती आजच द्यावी, उद्या भाव चढणार. वर मोडक्या मराठीत अर्ज केला, "दादा, मी परका नाय. माझा पणजा पण रत्नागिरीचा. आपलाच माणूस आपल्याला फसवेल काय?"

हे ऐकून सरदार विरघळले. तरी बाईंनी मसलत दिली की शेजारी नंदलाल यांनीही याच वकिलाशी फ्रिजचा तह केला आहे, आधी त्यांचा अनुभव विचारून यावा. सरदार बांबूच्या कुंपणापलीकडे रवाना जाहले. नंदलालांनी फ्रिजसाठी स्वयंपाकघरात सिमेंटचा ओटा बांधून सज्ज केला होता, आणि त्यावर फ्रिजच्या जागी कोंबडी विराजमान होती. फ्रिज कसा आहे ऐसे पुसता नंदलालांनी छाती काढून सांगितले की उत्तम, जहाजावर आहे. गेल्या चतुर्थीसही तो जहाजावरच होता, पण आपण फसलो हे सांगावयाची लाज फसण्याहून मोठी, सबब नंदलाल ते बोलले नाहीत. सरदारांनी परतून अहवाल दिला की अनुभव उत्तम.

बाईंनी मग अखेरचे फर्मान काढले. या घराचा जुना रिवाज असा की कुदळ येवो की तपेले येवो, नवी वस्तू आधी गणपतीपुढे बसते, तिला कुंकू लागते, नारळ फुटतो आणि मगच पैसा उंबरा ओलांडतो. यात सवलत नाही.

वकील मोठा हिकमती. तो म्हणाला, "वहिनी, तुमचा गणपती पण फोटोच आहे ना? मग मशीनचा फोटो बसवा की त्याच्यापुढे!"

सरदारांस ही तोड बहुत पसंत पडली. त्यांनी स्वहस्ते चोपडी उघडून देवापुढे मांडली. बाईंनी नारळ आणून दिला. मग सरदारांनी ओले कुंकू मशीनच्या चित्रास यथासांग लाविले, आणि वकील आपलाच माणूस म्हणवीत असल्याने त्यास हात जोडून उभे राहणे भाग पडले. मग नारळ फुटला, आणि सरदारांनी तीर्थ म्हणून त्याचे पाणी मशीनवर सोडले, आणि लगतच्या पंख्यावर सोडले, आणि भक्तीच्या भरात पान उलटून फ्रिजवरही सोडले. कुंकवाचे लाल ओघळ विलायतेवर पसरले आणि पाने एकमेकांस चिकटली.

तेव्हा वकिलाचा धीर सुटला. "अयो! मो लिव! माझी चोपडी! अहो दादा, एकच आहे माझ्याकडे! आता सूयाकला जाऊन लोकांना काय दाखवू?"

बाईंनी पदर खोचला. "काय हो भावजी, मशिनी जहाजभर आणि चोपडी एकच?"

वकिलाने टाय सैल केला आणि कंपनी दुसरी चोपडी पाठवील ऐसे पुटपुटला.

बाईंनी सुनावले, "चोपडी नको, मशीनच पाठवा. ती इथं बसली की थैली तुमची."

इतक्यात कुंपणावर नंदलालांचे मस्तक उगवले. एका वर्षाची लाज त्या क्षणी गळून पडली आणि ते गरजले, "आणि माझ्या फ्रिजचं जहाज कुठं बुडालं रे?"

गनिमाने पाठ दाखविली. मोपेड सुरू होईना, ती ढकलीत तो उसातल्या वाटेने पळाला, आणि त्याच घडीस पाऊस आला, आणि त्याची छत्री सरदारांच्या ओटीवर राहिली.

सरदार दिलगीर होऊन बसले. बाईंनी त्यांस चहा दिला आणि म्हणाल्या, "अहो, तोंड पाडू नका. गुडघे माझेच आठवले ना तुम्हाला? पण मशीनला आंघोळ घालणारा सरदार मी पहिलाच पाहिला."

पुढे उभयतां खासा क्युरपिपवर चालून गेली. दुकानात बाईंनी घरून नेलेल्या चिंधीवर मशीन स्वतः चालविली, टीप उलटून पाहिली, धागा ओढून पाहिला, बिघडल्यास दुरुस्ती कोण करील तेही पुसले आणि मगच थैली सोडली. मशीन बसमधून सरदारांच्या मांडीवर बसून आली. ती देवापुढे बसली, कुंकू लागले, आणि या खेपेस नारळ बाईंच्या हुकुमाने अंगणात फुटला.

नंदलालांचा पैसा काही परतला नाही, हे खरे तेच लिहिले पाहिजे. परंतु त्यांनी बैठकेत उभे राहून आपली फजिती आपल्याच तोंडाने सांगितली, तोच फसलेले आणखी दोघे माना खाली घालून उठले, आणि त्या दिवसापासून मजकूर वकिलास या गावात थारा मिळाला नाही. जप्त छत्री नंदलालांकडे सुपूर्द केली. त्यांनी ती गळक्या छपराखाली, ओट्याच्या वर टांगली, सबब कोंबडीस छत्र प्राप्त जाहले.

येणेप्रमाणे गजाननाच्या कृपेने आणि एका नारळाच्या खर्चाने फत्ते जाहली. नव्या मशीनवर पहिला शिवला तो गणपतीचा शेला. दुसरी शिवली ती पैशाची नवी थैली, दुहेरी टीप, तोंडसुद्धा शिवून बंद. ती उसवावयाची कात्री बाईंच्या कमरेस असते, आणि सरदारांस ती हवी असल्यास आधी वस्तू दाखवावी लागते.