बैत सहबानचे दहा गरीब

"गरज दिसली पाहिजे, नबीहा," अदनच्या कचेरीत साहेबांनी पुन्हा एकदा बजावलं. "पत्रकार एवढ्या लांबून येतायत ते आपले डोंगर बघायला नाही."

नबीहाचं कामच ते होतं. परदेशी पत्रकारांना संस्थेची मदतीची कामं दाखवून आणायची. परवाने काढायचे, गाडी ठरवायची, कुठल्या नाक्यावर आज कोण उभा आहे आणि त्याचं डोकं ठिकाणावर आहे का याची चौकशी करायची. लढाई चाललेल्या मुलखात हे काम म्हणजे लग्नघरातल्या मोठ्या जावेचं काम; नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही, बिघडलं तर सगळे तिच्याकडेच बघतात.

पण या खेपेला तिचा जीव जास्तच टांगणीला लागला होता. हुजरियाच्या डोंगरातलं बैत सहबान हे तिच्या आईचं गाव. तिथं अशक्त बाळांसाठी संस्थेचं एक छोटं केंद्र होतं. दूरदेशीचे देणगीदार आता आमच्या लढाईला कंटाळले होते, आणि ईद झाली की केंद्र बंद होणार असं वारं होतं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या तर ते वाचेल, एवढीच आशा. म्हणून तिनं केंद्रातल्या परिचारिकेला, जलीलाला, फोन केला.

"काहीही तयारी करू नका. रोज जसं असतं तसंच राहू दे. दोन पाहुणे येतायत, एवढंच."

इथंच घोळ झाला. तिनं 'पत्रकार' म्हणायला हवं होतं, 'तपासनीस' म्हणायला हवं होतं, अगदी 'मोजणीवाले' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण हुजरियाच्या डोंगरात 'पाहुणे' म्हटल्यावर काहीही तयारी करू नका याचा अर्थ गाव काय घेणार? पोरगी शहरात राहून भिडस्त झाली, असाच.

पत्रकार बाई हॉलंडच्या, नाव अनेके. फोटो काढणारा योस्ट, उंच आणि लाल दाढीचा, आणि सतत भुकेला. मोठा रस्ता लढाईनं बंद, म्हणून नोमान ड्रायव्हरनं गाडी ओढ्याच्या पात्रातून नेली. गालात कात नावाच्या झाडाची तरतरी आणणारी पानं कोंबून तो एका हातानं गाडी आणि दुसऱ्या हातानं गप्पा हाकत होता. योस्टच्या पोटातला आवाज इंजिनावरून ऐकू येत होता.

गावात पोचल्यावर नबीहानं केंद्राकडे बघितलं. भिंतींना ताजी चुन्याची सफेदी. दारात ऊद जळत होता. आत बाया लग्नातले कपडे घालून ओळीनं बसल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या मांडीवर एकेक बाळ. डोळ्यांत सुरमा, गालांना तूप, मनगटाला वळ्या.

"ही अशक्त मुलं?" अनेकेनं हळूच विचारलं.

नबीहानं जलीलाला कोपऱ्यात ओढलं. "ही कुणाची पोरं?"

"गावचीच."

"केंद्रातली कुठायत?"

"घरी, पांघरुणाखाली. पाहुण्यांपुढं सुकलेली पोरं आणायची होय? आयांनी शेजारणींची मागून आणलीयत. ते मधलं बघ, सरूरच्या सुनेचं. उचलताना माझी कंबर धरली."

दंड मोजायची एक रंगीत पट्टी असते. लाल आलं तर बाळ धोक्यात, हिरवं आलं तर बरं. अनेकेनं आठ-दहा दंड मोजून बघितले. सगळे हिरवेगार. सरूरच्या नातवाला तर पट्टीच पुरेना. अनेके विनयानं हसली, आणि ते हसू बघून नबीहाला केंद्राला कुलूप लागल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

तोवर योस्टनं शेंगदाण्याच्या पौष्टिक लगद्याचं एक पाकीट उचललं होतं. बाळांना देतात ते. "चव घेऊ का?" त्यानं खुणेनं विचारलं. जलीला हो म्हणाली. चव घेता घेता त्यानं पाकीट पिळून चाटून साफ केलं.

बाहेर दारात गावातले वडीलधारे हाज मुकबिल उभे राहिले होते. पांढरा अंगरखा, कमरेला जंबिया, डोक्याला ईदचा फेटा. "पोरी, पाहुण्यांचं आजचं पहिलं अन्न माझ्या घरचं. नाही झालं तर माझ्या बायकोला तलाक!"

"थांबा!" गल्लीच्या दुसऱ्या टोकानं हाज सरूर धावत आले. "माझं बकरं पहाटेच चुलीवर चढलंय! पहिलं अन्न माझ्याकडं, नाहीतर माझ्या बायकोला तलाक!"

आमच्या डोंगरातल्या बाप्यांच्या तोंडी ही शपथ खोकल्यासारखी येते. पाहुण्याला आग्रह करायचा म्हणजे बायको पणाला लावायची. बायांना सवय असते. नवरा शपथ घालतो तेव्हा त्या पीठ जास्त मळतात, बस. पण इथं अडचण दुहेरी होती. मुकबिलची बायको मिस्क ही सरूरची बहीण, आणि सरूरची बायको शमआ ही मुकबिलची बहीण. साटंलोटं. एक संसार मोडला की दुसरा मोडलाच.

"दोन्हीकडं पहिलं कसं होणार, काका?" नबीहा कळवळून म्हणाली.

"ते तू बघ. ठरवाठरवी करायची नोकरी ना तुझी?" मुकबिल म्हणाले.

नबीहानं तोडगा काढला. दोन्ही घरं गल्लीत समोरासमोर. अनेकेनं मुकबिलच्या खिडकीत बसायचं, योस्टनं सरूरच्या. दुपारची बांग सुरू झाली की दोघांनी एकदमच पहिला घास तोंडात घालायचा. दोन्ही पहिले, दोन्ही संसार शाबूत. गावाला ही युक्ती एवढी आवडली की सगळं गाव बघायला गल्लीत जमलं.

मिस्क खाला अनेकेपुढं मधात न्हालेली पदरी रोटी ठेवताना नबीहाच्या कानाशी लागली. "हिला म्हणावं, सावकाश खा. जरा उशीर झाला तरी चालेल. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सुटायची संधी आलीय."

"खाला!"

"अगं, गंमत केली. पण अगदीच हावऱ्यासारखी खाऊ नको म्हणावं."

बांगेला अजून थोडा अवकाश होता. समोरच्या खिडकीत हाज सरूर योस्टच्या तोंडाकडे कौतुकानं बघत होते. बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली. "याच्या दाढीला काय लागलंय?"

योस्टनं बोटानं पुसून बघितलं, दिलखुलास हसला आणि खिशातून रिकामं पाकीट काढून सगळ्या गल्लीला दाखवलं.

गल्लीतल्या सगळ्या माना त्या पाकिटाकडं वळल्या.

"ते औषध आहे!" नबीहा खिडकीतून ओरडली. "औषध अन्नात धरत नाहीत!"

सगळ्यांनी जलीलाकडं बघितलं. जलीलानं जमिनीकडं. कारण केंद्र उघडल्यापासून ती दर आठवड्याला आयांना बसवून एकच गोष्ट घोकून घ्यायची, आणि आता आयांनी ती एका सुरात म्हणून दाखवली: "हे औषध नाही, हे पूर्ण अन्न आहे. एका पाकिटात एक जेवण."

म्हणजे पाहुण्यांना पहिलं अन्न घातलं ते मदत केंद्रानं. दोन्ही शपथा मोडल्या.

हाज मुकबिल मटकन खाली बसले. सरूरनी फेटा काढून हातात घेतला. दोघं म्हातारे एकमेकांकडं असे बघू लागले, जसे पतंग झाडात अडकलेले दोन पोरगे.

मिस्क खालानं मात्र पदर खोचला. "शमआ, ऊठ गं. चल माहेरी. मी माझ्या भावाकडं, तू तुझ्या भावाकडं."

"म्हणजे तू माझ्या घरी नि मी तुझ्या," शमआ म्हणाली. "गल्ली ओलांडली की झालं."

"तेच की. आधीच सांगून ठेवते, माझी चूल धूर करते."

"आणि माझ्या दाराला कडी नाही. आतून खाटलं लावावं लागतं."

"अगं, पण माझ्या गुडघ्याला रात्री तेल कोण लावणार?" मुकबिल केविलवाणे म्हणाले.

"शमआला सांगा. बहीणच आहे तुमची."

एवढ्यात फकीह हिजाम काठी टेकत आले. गावातले धर्माचे जाणकार तेच. खरं तर ते जेवायलाच निघाले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाकीट उलटंसुलटं करून बघितलं, वासही घेतला. "बायको सोडायचं मनात होतं का रे तुमच्या?"

"तोबा तोबा! आग्रहाच्या भरात बोललो," दोघं म्हणाले.

"मग तलाक नाही. नुसती शपथ मोडलीय. भरपाई म्हणून दहा गरिबांना पोटभर जेवू घाला. तेच दहा दोन्ही घरी जेवले तरी चालेल. स्वैपाक तयारच आहे." फकीह गल्लीकडं वळले. "गरीब कोण कोण आहेत? पुढं या."

कुणीच हललं नाही.

ज्यांच्या घरात संस्थेच्या पिठाच्या गोण्या होत्या त्यांनी आभाळाकडं बघितलं. जिच्या छपराच्या जागी संस्थेची ताडपत्री होती ती बाई मागं वळून बघू लागली, जणू गरीब तिच्या पाठीमागं कुठं तरी उभा असावा. पाहुण्यांसमोर? छे. नबीहाला साहेब आठवले. गरज दिसली पाहिजे म्हणे. इथं गरज दाराआड लपून तोंडावर बोट ठेवून उभी होती.

"एकही नाही?" फकीह वैतागले. "मग संसार वाचायचे कसे?"

मिस्क खाला मघापासून अनेकेला न्याहाळत होती. "नबीहा, हिला नवरा आहे?"

"नाही, खाला."

"लेकरं?"

"नाहीत."

"घर तरी स्वतःचं?"

"भाड्याचं."

"आणि आई?"

नबीहानं विचारलं. अनेकेनं सांगितलं. "आई दुसऱ्या गावात असते. वृद्धाश्रमात. ही महिन्यातून एकदा भेटते."

बायांमधून चुकचुकण्याची एक लाट गेली.

"मघाशी मांस नको म्हणाली," शमआ कुजबुजली. "खात नाही, की मिळत नाही?"

"लाजत असेल बिचारी."

"ही एक," फकीह म्हणाले.

योस्टची चौकशी फार लांबली नाही. भुकेपोटी तान्ह्या लेकरांच्या तोंडचं खाणारा माणूस, दोन. नोमाननं आपणहून हात वर केला. "गाडी संस्थेची, पेट्रोल संस्थेचं. चपला तेवढ्या माझ्या." तीन. मग सगळ्यांचे डोळे नबीहाकडं वळले.

"माझ्याकडं काय बघता? मी मदत आणणारी आहे!"

"अदनमध्ये एकटीच ना गं, भाड्याच्या खोलीत?" मिस्क खालानं मायेनं विचारलं. "जेवताना समोर कोण असतं?"

नबीहाला भिंतीवरची पाल आठवली.

"चार," फकीह म्हणाले. "अजून सहा हवेत."

मुकबिल जंबियाच्या मुठीशी चाळा करत होते. मिस्क खालानं त्यांच्याकडं बघितलं, मग गल्लीतल्या बायांकडं. आवाज थोडा उतरवून ती म्हणाली, "तान्ह्या लेकराला कसली आलीय अब्रू? त्याचं ना घर, ना शेत. त्याच्याहून गरीब कोण? माझा नातू आत झोपलाय. दंड माझ्या अंगठ्याएवढा आहे."

मुकबिलनी मान खाली घातली. मिस्क खाला आत गेली आणि लाल पांघरुणातलं एक गाठोडं घेऊन बाहेर आली. डोळे तेवढे मोठे. बाकी सगळं पांघरूणच.

"पाच," फकीह म्हणाले. आवाज त्यांनीही उतरवला होता.

मग ताडपत्रीवाली बाई उठली. तिच्यामागं आणखी एक. मागून आणलेली गुटगुटीत पोरं ज्याच्या त्याच्या आयांकडं परत गेली, आणि घराघरांतून खरी पोरं बाहेर आली, दोन म्हाताऱ्यांचे संसार वाचवायला. सहा भरली, तरी बाया येतच राहिल्या. फकीहनी मोजणं सोडून दिलं.

मग पंगत बसली. आधी मुकबिलकडं, मग सरूरकडं. जलीलानं पाकिटं फोडली. अनेकेच्या दंडाला तिनं गमतीनं पट्टी लावायचा प्रयत्न केला. अनेके हसली आणि मग तिला लाल पांघरुणातलं ते बाळ आठवून हसता येईना. योस्टनं दोन्ही घरी जेवून तिसरीकडं काही आहे का विचारलं. आणि मग एक फोटो काढला. त्यात चेहरा कुणाचाच नाही. मिस्क खालाचे नुसते दोन हात आहेत. एका हातात नातवाच्या ओठाशी पाकीट, दुसऱ्या हातात अनेकेच्या ओठाशी मधाच्या रोटीचा तुकडा.

'त्या गावातली पहिली गरीब मी' अशी सुरुवात करून अनेकेनं लिहिलं. ते लोकांनी वाचलं, आणि केंद्र टिकलं.

"दिसली का गरज?" परत आल्यावर साहेबांनी विचारलं होतं.

"दिसली," नबीहा म्हणाली. "चौथा नंबर माझा होता."

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. फकीह हिजाम गेले. हाज सरूरही गेले, बकऱ्यांच्या मागं डोंगर चढता चढता. लाल पांघरुणातलं ते गाठोडं आता मिसरूड फुटून आजोबांशी भांडतं. नबीहा फिरत फिरत कैरोला येऊन राहिली. तिथं दर ईदच्या आधी कुणी ना कुणी येणाऱ्याच्या हाती डोंगरातल्या मधाची एक बरणी येते, आणि ती पुढं हॉलंडला पाठवायची असते. आमच्या लोकांत एकदा ज्याला गरीब मानलं त्याला वाऱ्यावर सोडत नाहीत.

यंदा नबीहानं मिस्क खालाला फोनवर बातमी दिली. "खाला, अनेकेनं लग्न केलं. घरही घेतलं स्वतःचं. आता तिला गरिबांतून काढायचं ना?"

पलीकडं थोडा विचार झाला. "मांस खाते का?"

"नाही."

"मग राहू दे तिला. आणि तू गं? अजून भाड्याच्याच खोलीत?"

नबीहानं समोर बघितलं. टेबलावर एक ताट, एक पेला. कैरोच्या भिंतीवर पालसुद्धा नव्हती.

"हो, खाला."

"मग दोन बरण्या पाठवते."