गावंडे काकांची धोक्यातली सीट

आमचे गव्हर्नर यंदा पडणार, असं अख्ख्या मॅसॅच्युसेट्समध्ये एकाच माणसाला वाटत होतं, आणि तो माणूस माझ्या शेजारी राहतो. विरोधी उमेदवारालाही तसं वाटत नसावं.

गावंडे काका पत्रपेटीपाशी भेटोत नाहीतर दुकानात दुधाच्या कपाटासमोर, आधी इकडेतिकडे बघणार, मग आवाज खाली आणून म्हणणार, "पोरी, सीट धोक्यात आहे."

"कोणाची काका?"

"गव्हर्नरची, अजून कोणाची? वरून दिसत नाही. आतून पोखरलंय."

हे गव्हर्नर म्हणजे आपल्या राजभवनातले नव्हेत. इथला गव्हर्नर म्हणजे मुख्यमंत्रीच समजा, फक्त लोकांनी थेट निवडून दिलेला. आणि आमचं राज्य इतकं एकतर्फी, की निवडणूक आहे याचीच लोकांना आठवण करून द्यावी लागते. मी ऑफिसात सहज विचारलं, तर विरोधी उमेदवाराचं नाव कुणालाच सांगता येईना. एकाने छातीठोकपणे एक नाव सांगितलं, तो टीव्हीवर हवामान सांगणारा निघाला.

गंमत म्हणजे या चर्चेत मत ना काकांना, ना मला. ते मुलाच्या नावावर आलेले ग्रीन कार्डवाले, मी व्हिसावर. तरी आमची श्रूजबरी गावातल्या आमच्या फुटपाथवर अर्धा अर्धा तास राजकीय खलबतं चालायची. म्हणजे खलबतं ते करायचे, मी फोनकडे बघायची.

काका अकोल्याचे शाळामास्तर. जन्मभर भूगोल शिकवला, पण सांगतात ते इलेक्शन ड्यूटीचं. मतदार यादी घेऊन घरोघर हिंडायचं, कोण वारलं, कोणाची सून आली, कोण पुण्याला गेलं, सगळं टिपायचं. "अर्धं अकोला मला तोंडपाठ होतं," म्हणतात. काकू गेल्यावर नीलेशने, म्हणजे मुलाने, त्यांना इथे कायमचं आणलं. नीलेश आणि सून दोघं सकाळी सातला गाड्या काढतात. नात कॉलेजच्या होस्टेलवर. मागे उरतात काका आणि डिशवॉशर.

आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात ते माझ्या दारात आले होते. माझा कॉल चालू होता. कानातला इअरफोन काढून मी विचारलं, "काय काका, काय काम काढलंत?"

"काही नाही. सहज."

"मी जरा मीटिंगमध्ये आहे हो. पुढच्या वेळी यायच्या आधी मेसेज टाकाल का?"

"हो हो, टाकतो ना," म्हणाले आणि गेले. मेसेज काही आला नाही, आणि खरं सांगते, माझ्याही ते लक्षात राहिलं नाही.

मग या उन्हाळ्यात ते एकदम गव्हर्नरच्या प्रचाराचे स्वयंसेवक म्हणून उगवले. गळ्यात बिल्ला, डोक्याला कानटोपी (जुलैत!), हातात क्लिपबोर्ड आणि त्याला सुतळीने बांधलेली पेन्सिल. आमच्या रस्त्यावरच्या मतदारांची यादी त्यांच्याकडे होती. प्रत्येक नावापुढे तीन चौकोन: नक्की, विरोधात, अनिश्चित. बरोबर असेल तिथे खूण करायची, बस्स.

एका शनिवारी मी पानं गोळा करत होते, तेव्हा समोरच्या डोलोरेसबाईंच्या दारात काका उभे होते. डोलोरेसबाई ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. त्यांच्या अंगणात गव्हर्नरच्या नावाची पाटी, खिडकीत दुसरी, गाडीवर तिसरी.

काकांनी शाळेतल्या स्वच्छ इंग्रजीत विचारलं, "मॅडम, आपलं मत ठरलं आहे का?"

"अर्थात! जन्मभर याच पक्षाला देत आले."

"घाई करू नका. नीट विचार करा. मी पुढच्या शनिवारी येतो."

मी दाताळं टाकून बघतच राहिले. गव्हर्नरचा प्रचारक गव्हर्नरच्या पक्क्या मतदाराला सांगतोय, फेरविचार करा! आणि पुढच्या शनिवारी हा माणूस खरंच गेला की हो. डोलोरेसबाईंनी केक कापून ठेवला होता.

ऑक्टोबरात काका पत्रपेटीपाशी भेटले, पण या वेळी इकडेतिकडे बघितलं नाही. "प्रचार कचेरीवाले दारोदार जाणं बंद करणार म्हणतात," ते म्हणाले. "सीट सेफ आहे म्हणे. गरज नाही म्हणे."

"बरंच झालं की काका! थंडीत कशाला ती पायपीट?"

त्यांनी बिल्ल्याची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. "पोरी, इथं सहज कोणाची बेल वाजवता येत नाही. हे गळ्यात असलं की दार उघडतात."

मला माझा तो कॉल आठवला. मीटिंग कशाची होती ते मात्र आठवेना. लाज वाटली, सरळच सांगते.

दोन दिवसांनी काकांची यादी घेऊन माझ्या दारात मेगन आली. प्रचार कचेरीतली मुख्य बाई, गंभीर चेहऱ्याची. म्हणाली, सगळं राज्य आमच्या बाजूने आहे, हा एक रस्ता सोडून. इथली सगळीच्या सगळी घरं अनिश्चित! असं कसं? शिवाय समासात कुठल्याशा लिपीत काहीतरी लिहिलंय. जरा वाचून दाखवता का? त्यावरून ठरवू, इथलं काम बंद करायचं की नाही.

मी यादी घेतली. काकांचं सुवाच्य मास्तरी अक्षर.

"डोलोरेसबाई. गुडघ्याचं ऑपरेशन, गुरुवारी. मुलगा फोन करत नाही."

"यांची सगळ्यात मोठी चिंता आरोग्यसेवा," मी मेगनला सांगितलं. "आणि कुटुंबविषयक धोरण."

"पिवळं घर. नोकरी गेली. बायकोला अजून सांगितलं नाही. मीही बोलणार नाही."

"रोजगार. फार नाजूक मुद्दा."

"कोपऱ्यावरचे. म्हातारा कुत्रा, जिना चढत नाही."

इथे मी अडकले. "पायाभूत सुविधा," मी म्हटलं. मेगन भराभर लिहून घेत होती.

सगळ्यात खाली, छापील नावं संपल्यावर, पेन्सिलीने एक नाव वाढवलेलं होतं. माझं. पुढे छापील चौकोन नव्हते, म्हणून काकांनी पट्टीने आखून तिन्ही काढले होते आणि तिसऱ्यात खूण केली होती. समासात: "मत नाही. चहा आलं घालून. फार काम करते, जेवत नाही. मीटिंग असते, त्रास देऊ नये."

"हे काय आहे?" मेगनने विचारलं.

मी नावावर अंगठा ठेवला. शेवटी म्हटलं, "ही मतदार फार डळमळीत आहे. हिच्याकडे वारंवार यायला हवं."

मेगन तिथून डोलोरेसबाईंकडे गेली. मी खिडकीतून बघत होते. बाई कुबडी टेकत दारात आल्या, अंगणातल्या पाटीच्या अगदी मागे उभ्या राहिल्या आणि मला ऐकू येईल इतक्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "छे! अजून काहीच ठरलं नाही माझं. त्या मिस्टर गावंडेंना पाठवा."

काम बंद झालं नाही. निवडणूक होईपर्यंत काका दर शनिवारी हिंडले. मी शनिवारी मीटिंग ठेवणं सोडलं.

मग निवडणूक झाली. गव्हर्नर निवडून आले, पहिल्याच बातमीत, कुणी खुर्चीत नीट टेकायच्या आत. दुसऱ्या दिवशी मी घरून काम करत होते. शेजारी एकदम शांत. दुपारी लॅपटॉप मिटला, मेसेज न टाकता गेले आणि बेल वाजवली.

काकांनी दार उघडलं. गळ्यात बिल्ला नव्हता. घाबरून म्हणाले, "काहून गं पोरी? काय काम काढलंस?"

"काही नाही काका. सहज."

ते घाईघाईने बाजूला झाले.

"ये, आत ये. डोलोरेस येऊन बसलीय केव्हाची. तिला पण विचारलं, तर नो रीझन म्हणते." चष्मा काढून तो सदऱ्याला पुसत ते स्वयंपाकघराकडे वळले. "बस. आलं किसतो."