पुसायचा पाव

फुमिए ओबाता साकाताहून तोक्योच्या आमच्या चित्रकलेच्या क्लासात दाखल झाली, तेव्हा तिच्या बॅगेत कपडे कमी आणि पाव जास्त होते. तिचे बाबा तोकुजी ओबाता म्हणजे गावातले नावाजलेले बेकरीवाले. कलेच्या विद्यापीठात शिरायचं तर आधी वर्षभर अशा क्लासात बसून प्लास्टरच्या डोक्यांची चित्रं काढावी लागतात, हे काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"जूनमध्ये पहिला निकाल भिंतीवर लागतो ना? मी स्वतः येऊन बघणार," ते स्टेशनवर म्हणाले होते. "जमत असेल तर राहा. नाही तर त्याच दिवशी माझ्याबरोबर परत. भट्टीला माणूस लागतं."

आमच्या क्लासात चित्रं कोळशानं काढायची आणि पावानं पुसायची पद्धत होती. रबरानं कागद सोलवटतो. पावाचा मऊ गाभा चिमटीत मळून कागदावर हलकेच टिपायचा आणि कडा दुपारी खायच्या. कागदाचं आणि आमचं असं एकाच पावात भागायचं. हातांना कोळसा, कोळशाला पाव, आणि तेच हात तोंडाला. काय दिवस होते! आजही कुठं पाव भाजल्याचा वास आला की मला भूक लागायच्या ऐवजी चित्र काढावंसं वाटतं.

फुमिएनं घरून आणलेला पाव दोन आठवड्यांत पुसून संपवला आणि घरी फोन केला. "बाबा, पाव संपला. आणखी पाठवशील?"

तोकुजींना आकाश ठेंगणं झालं. घरी असताना पावाला नाकं मुरडणारी पोरगी परमुलखात आपला पाव मागून खातेय! पुसण्याचं सांगायची फुमिएची काय बिशाद होती? ताटात पावाचा चुरा टाकला म्हणून लहानपणी उपाशी उठवणारा बाप तो. ती गप्प बसली, आणि तिथंच घोळ झाला.

पुढच्या पार्सलात पोरीच्या तब्येतीसाठी भरपूर लोणी घातलेला पाव आला. फुमिएनं त्यानं अग्रिप्पाचं कपाळ पुसलं. अग्रिप्पा म्हणजे आमच्या वर्गातलं रोमन सरदाराचं प्लास्टरचं डोकं. कपाळावर असा तेलकट डाग पडला की वर कोळसा धरेना.

"सरदाराला लोणी चोपडलंस की काय?" कुसाकाबे म्हणाला. हा आमच्यातला ज्येष्ठ. तीन वेळा प्रवेशपरीक्षेत आपटलेला, त्यामुळे सल्ला द्यायला सदा मोकळा. "बाबांना सांग ना, साधा पाव पाठवा म्हणावं."

"साधा? त्यांना? तू ओळखत नाहीस त्यांना."

तरी तिनं धीर करून फोन केला. "बाबा, एवढं लोणी नको घालू. साधाच पाठव ना."

 तोकुजींचा आवाज ओला झाला. "तू आमच्या खर्चाची नको गं काळजी करू."

पुढच्या पावात लोणी होतंच, शिवाय दूध, अंडी आणि बेदाणे. एक बेदाणा अग्रिप्पाच्या गालावर फरफटला. आमचे इगाराशी सर फुमिएच्या मागे येऊन उभे राहिले.

"ओबाता, या सरदाराला देवी आल्या होत्या का?"

शेवटी तिनं बाबांचा पाव आम्हाला खायला वाटायला सुरुवात केली आणि पुसायला कोपऱ्यावरच्या दुकानातला सगळ्यात स्वस्त पाव आणू लागली. आम्ही गुबगुबीत झालो, अग्रिप्पा रोगमुक्त झाला. असंच चाललं असतं तर बरं होतं.

जूनमध्ये क्लासच्या पहिल्या परीक्षेच्या चित्राला आम्ही बसलो होतो, आणि सकाळीच दारात तोकुजी! अंगात लग्नाकार्याचा सूट, काखेत कापडात बांधलेला पाव. निकाल दुपारी लागणार होता, पण त्यांना घरी दम निघाला नव्हता. सरांनी त्यांना मागच्या स्टुलावर बसवलं.

फुमिएचा हात पिशवीकडे गेला आणि तिथंच थांबला. बापाच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याचा पाव कसा काढायचा? आणि बापाच्या पावानं पुसावं तर डाग. ती न पुसताच काढत राहिली. जिथं चुकलं तिथं आणखी काळं केलं. दुपारपर्यंत अग्रिप्पा कोळशाच्या खाणीतून वर आल्यासारखा दिसू लागला.

वेळ संपल्याची घंटा झाली. तोकुजी उठले, आणलेला ताजा पाव लेकीच्या पिशवीत ठेवायला वाकले, आणि तसेच राहिले. मग त्यांनी पिशवीतून तो दुकानातला पाव दोन बोटांनी वर काढला.

"हा कुणाचा?"

"बाबा..."

"माझा पाव खाऊन कंटाळलीस, तर तोंडानं सांगायचं होतंस!" तोकुजींनी तो पाव तिच्यापुढे धरला. "दुसऱ्याच्या दारात गेलीस?"

"खायला नाही, बाबा! पुसायला आहे." फुमिएला रडू फुटलं. "इथं सगळे पावानं चित्र पुसतात. मीसुद्धा. तुझापण पुसायलाच मागवत होते. पण तुझ्या पावात लोणी असतं, कागदावर डाग पडतो."

 तोकुजींनी जमिनीवरचा काळा चुरा पाहिला. आमचे हात पाहिले. मग त्या दुकानातल्या पावाचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चावला.

"हं," ते म्हणाले. "हा पुसायच्याच लायकीचा आहे."

कुसाकाबे फिस्सकन हसला आणि मग कुणालाच आवरेना. सरसुद्धा खिडकीकडे तोंड करून गदगदून हसत होते.

पण निकाल काही हसून बदलत नाही. भिंतीवर चांगली चित्रं वर, वाईट खाली. फुमिएचा अग्रिप्पा सगळ्यात खालच्या ओळीत, दाराजवळ लागला. तोकुजी उकिडवे बसून त्याच्याकडे बघत राहिले.

"सर, हिनं पुसलं असतं तर कुठं लागलं असतं?"

इगाराशी सरांना खोटं बोलता येत नसे. "खालून दुसऱ्या ओळीत."

"म्हणजे एक ओळ पावानं गेली."

"गेली."

तोकुजी उठले, गुडघे झटकले आणि दाराकडे निघाले. फुमिएनं कोळशाची डबी बंद केली, कागद गुंडाळले आणि खाली मान घालून त्यांच्या मागे चालू लागली.

"तू कुठं?" त्यांनी वळून विचारलं.

"गाडीला."

"गाडी मला आहे. तू बस आणि काढ."

आठवड्यानं पार्सल आलं. त्यात दोन पाव होते, एक नेहमीचा, फुगलेला, सोनेरी, आणि एक बसका, पांढराफटक. पाठोपाठ आईचा फोन. "अगं, बिनलोण्याचा, बिनदुधाचा, बिनसाखरेचा! कुणी बघू नये म्हणून शटर ओढून भाजत होते. दोन वेळा जरा चांगला झाला म्हणून पुन्हा केला."

फुमिएनं त्या पांढऱ्या पावाचा एक तुकडा तोंडात टाकला. तिच्या बाबांनी आयुष्यात एवढा बेचव पाव भाजला नव्हता. नेहमीचा पाव तिनं तसाच बाजूला ठेवला आणि तो पांढरा पाव कडांसकट, एक चुराही न सांडता, रडत रडत सगळा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पुसायला तिच्याकडे काहीच नव्हतं. ती निमूट उठली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेली.