बिशपसाहेबांची खुर्ची

हेझलबी हॉलचं जेवणघर मला जितकं माहीत होतं तितकं खुद्द मालकांनाही नसेल! उगाच फुशारकी मारत नाही. कित्येक वर्षं मी तिथे गाईड होते. तिकीट काढून आलेल्यांना रोज दाखवायचे: हे झुंबर, हे चांदीचे काटे, दोरीच्या पलीकडे कृपया जाऊ नका. आणि शेवटी सगळ्यांची लाडकी वस्तू, दोन्ही हातांवर ओरखडे असलेली खुर्ची! "हे ओरखडे सीझर नावाच्या शिकारी कुत्र्याचे," असं म्हटलं की पोरं खूश व्हायची.

मग एक दिवस जिन्याखालच्या उंच घड्याळातली धूळ पुसायला आत डोकं घातलं, ते बाहेर काढलं थेट व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात! समोर लॉर्ड अँब्रोज. जेवणघरातल्या तसबिरीत भयंकर रागीट दिसतात. प्रत्यक्षात इतके लाजाळू, की माझ्याशी बोलायच्या आधी घोड्यासमोर तालीम करायचे. मी प्रेमात पडले. पडले कसली, आपटलेच!

अडचण एकच, त्यांच्या मातोश्री लेडी लव्हिनिया.

"घड्याळातून आलेली सून!" त्या म्हणाल्या. "माझ्या खुर्चीत बसून एक मेजवानी नीट पार पाडून दाखव. जमलं तर लग्न. नाही जमलं, तर घड्याळ कुठे आहे ते तुला ठाऊक आहे."

"एवढंच ना, आईसाहेब?" मी म्हटलं. मनात म्हटलं, डाव्या हातचा मळ!

आणि खरंच, सूप झालं, मासा झाला, तितर झाला, पुडिंग झालं. कुठे काही चुकलं नाही. माझ्या उजवीकडे बिशपसाहेब बसले होते, ते नेमके माझ्या त्या लाडक्या खुर्चीत. खुर्चीचे हात मात्र अगदी गुळगुळीत. सीझर अजून जन्मला नसावा!

फळं संपली आणि सगळे गप्प झाले. मी बसून राहिले. आमच्या लीड्सच्या आजीची शिकवणच होती, पाहुणे उठेपर्यंत घरच्या बाईनं उठायचं नाही, त्यांना हाकलल्यासारखं वाटतं. पाहुणे काही उठेनात. सगळे नुसते माझ्याकडे बघत बसलेले. किती आवडले असेन मी त्यांना!

"पेनफोल्ड, आणखी नाशपती आणा!"

"आणखी, बाईसाहेब?" बटलरचा आवाज मयताला आल्यासारखा.

लेडी लव्हिनियांच्या हातातला पंखा खाली पडला. मी बटलरकडून उचलून दिला. पुन्हा पडला. पुन्हा दिला. म्हातारपण, दुसरं काय! टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अँब्रोज भुवया वर-वर उडवत होते. इतक्या लोकांत! मी लाजले आणि मीही भुवया उडवल्या. तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला आणि सरळ स्वतःची बाही मेणबत्तीवर धरली.

"पेनफोल्ड, पाणी!" मी जागेवरूनच हुकूम सोडला. पाण्याचा जग रिकामा होताना खळखळ आवाज झाला आणि बिशपसाहेब कण्हले.

"तुम्हाला देऊ का थोडं पाणी?"

"नको!" ते किंचाळले. खुर्चीचे हात त्यांनी घट्ट पकडले होते. चेहरा बिटासारखा लाल.

शेवटी माझ्याच कॉर्सेटनं दगा दिला. श्वास घेता येईना. "माफ करा हं," असं पुटपुटत मी उठले, तर शाळेची घंटा झाल्यासारखं अख्खं टेबल उठलं! बायकांना आधी जाऊ द्यायचं भानही बिशपसाहेबांना राहिलं नाही. दोन डचेसना ढकलून ते दारातून पसार!

मी जिन्याखाली, घड्याळापाशी जाऊन रडले. अँब्रोज ओली बाही सावरत धावत आले.

"मी सगळ्यांच्या आधी उठले! संपलं सगळं!"

"अहो, तुम्हीच तर उठायचं होतं! यजमानीण उठल्याशिवाय कुणालाच उठता येत नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"भर मेजवानीत? किती असभ्य दिसलं असतं!"

"आणि बाही जाळणं सभ्य?"

"बाही माझीच होती," ते म्हणाले. मग घोड्याबिड्यासमोर तालीम न करता, "तुम्ही त्या घड्याळात जाणार असाल तर मीही येतो." माझं रडणं थांबलं. इतकं सुंदर मला आजवर कुणी काही बोललं नव्हतं.

मागे पंख्याचा आवाज आला. लेडी लव्हिनिया!

"इतकी वर्षं मी त्या यजमानिणीच्या खुर्चीत बसतेय," त्या म्हणाल्या. "दर मेजवानीला हे बिशप मला प्रवचन ऐकवतात. आज पहिल्यांदा त्यांची वाचा बसली." त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून माझ्या हातात ठेवला. "मुली, पुढच्या महिन्यात त्यांना परत बोलवू. आणि सूप जास्त कर."

सकाळी पेनफोल्ड बिशपसाहेबांच्या खुर्चीपाशी गंभीरपणे उभे होते. खुर्चीच्या दोन्ही हातांवर नखांचे खोल ओरखडे.

"पॉलिश करून घेऊ, बाईसाहेब?"

"नको," मी म्हटलं. "राहू द्या. पुढे लागतील."

तर मंडळी, कधी हेझलबीला गेलात आणि गाईड सीझरची गोष्ट सांगायला लागली, तर पोरांदेखत तिला अडवू नका. नंतर हळूच बाजूला घेऊन सांगा, कुत्रा इथे कधी नव्हताच!